मार्च ते ऑक्टोबर

स्टुटगार्टात राहणाऱ्या माणसाने गाड्यांबद्दल बोलायचं तर चारचाकीबद्दलच बोलावं, असा इथला अलिखित नियम आहे. दोन जगप्रसिद्ध मोटार कंपन्यांची मुख्यालयं या एका शहरात. आपल्या मंडळातली कितीतरी घरं त्यांच्या, नाहीतर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या पगारावर चालतात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊनही गप्पा बॅटरी आणि सॉफ्टवेअरच्याच. अशा गावात मी सत्तेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांची जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं, तेव्हा साताऱ्याहून आईने फोनवर एवढंच विचारलं, "अरे, या वयात लोक मोटरसायकल विकतात. तू घेतोयस?"

पण मोटरसायकलही मुळात याच गावची लेक. बाड कानस्टाटमध्ये गोटलीब डाइमलर यांच्या बागेत एक छोटं घर होतं. तिथे त्यांनी आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली एका लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवलं. २६४ सीसी, ताकद अर्धा अश्वशक्ती. नाव ठेवलं 'राइटवागन', म्हणजे स्वार होण्याची गाडी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलर यांच्या मुलाने ती कानस्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत तीन किलोमीटर चालवत नेली. इंजिन सीटच्या खालीच असल्यामुळे वाटेत सीटने पेट घेतला, असं सांगतात. आईला मी हा भाग सांगितला नाही. ते बागेतलं घर आज स्मारक आहे. पाहुणे आले की आपण त्यांना चकचकीत संग्रहालयांत नेतो, त्याऐवजी एकदा तिथे न्यावं.

आणखी एक गंमत. गाडी रस्त्यात बंद पडली की आपण ज्यांना फोन करतो, त्या एडीएसीची स्थापनाही स्टुटगार्टचीच, १९०३ सालची. तेव्हा तिचं नाव होतं 'जर्मन मोटरसायकलस्वारांची संघटना'. मोटारवाले नंतर आले. शहराच्या पश्चिमेला सॉलिट्यूडचा जंगलातला रस्ता आहे. तिथे १९६५ पर्यंत शर्यती होत आणि मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपदाच्या फेऱ्या बघायला लाखोंनी लोक लोटत. आज तो साधा सार्वजनिक रस्ता आहे, पण रविवारी सकाळी ग्लेम्सएकच्या वळणावर हेल्मेट काढून कॉफी पीत उभी असलेली मंडळी अजून दिसतात. तेव्हा १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर असलेल्या या गावात एका मराठी माणसाने मोटरसायकल घेतली तर त्यात जगावेगळं काही नाही, असं मी घरी पटवून दिलं.

मला हवी होती ती 'स्पोर्ट-टूरर' जातीची गाडी. शर्यतीच्या गाडीसारखं पोटावर झोपायला लावणारी नको, आणि सोफ्यावर बसवून नेणारीही नको. किंचित पुढे झुकून बसायचं, समोर वाऱ्याला अडवणारं आवरण, मागे दोन बाजूंना पेट्या. दिवसाला चारशे किलोमीटर जाऊनही कंबर शाबूत राहावी आणि वळणावर मात्र मजा यावी, अशी. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस काढली, तिने ही वाट मोठी केली. आता तरुणांचा ओढा उंच, साहसी दिसणाऱ्या गाड्यांकडे आहे, त्यामुळे या जुन्या, समंजस गाड्या बऱ्या किमतीत मिळतात.

त्याआधी परवाना. नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी मुद्दाम सांगतो. भारतातला परवाना इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आपला भारतीय परवाना असेल तर शिकवणीच्या तासांची सक्ती नसते, पण म्हणून तास न घेता जाऊ नका. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वीस वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. परीक्षेत पन्नासच्या वेगाने येऊन आणीबाणीचा ब्रेक मारून दाखवायचा असतो, अचानक आलेला अडथळा चुकवायचा असतो, चालण्याच्या गतीने शंकूंमधून नागमोडी काढायची असते. परीक्षक मागून मोटारीत बसून येतात आणि कानातल्या रेडिओवरून सूचना मिळतात. मान वळवून खांद्यावरून मागे बघणं ही इथे परीक्षेपुरती सवय नाही. तिच्यावरच जीव अवलंबून असतो.

गाडी मिळाली रॉयटलिंगेनच्या पलीकडे, श्वेबिशे आल्बच्या पायथ्याच्या एका खेड्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये. बीएमडब्ल्यू आर ११५० आरएस, २००२ सालची, ५८,४०० किलोमीटर झालेली. मालक शहात्तर वर्षांचे. गाडीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास, आणि त्यांचे गुडघे आता ते पेलायला तयार नव्हते. मी पोहोचलो तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि गाडीशेजारी एका लाकडी स्टुलावर कागद मांडून ठेवले होते. चहापोह्यांच्या कार्यक्रमाला गेल्यासारखं वाटलं. फक्त इथे चहाऐवजी कॉफी होती आणि पोह्यांऐवजी आजींनी केलेला सफरचंदाचा केक.

जुनी गाडी बघायला गेल्यावर काय बघावं, हे नीट लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे इंजिनाला हात लावून बघा. ते गार हवं. विकणाऱ्याने आधीच चालू करून गरम ठेवलं असेल, तर गार असताना ते कसं कुरकुरतं हे आपल्याला कळत नाही. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीवर होतं ३११६, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त. पण रबर सात वर्षांचं झालं की ओल्या रस्त्यावर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. नंतर मागचं चाक वर-खाली धरून हलवून बघायचं. या गाडीला साखळी नाही, शाफ्ट आहे, आणि चाकात खुळखुळ लागली तर बेअरिंगचा खर्च आलाच. चावी फिरवून ब्रेकचा खटका दाबला की सर्वो मोटरचा घुर्र आवाज यायला हवा आणि गाडी चालू लागली की एबीएसचे दिवे विझायला हवेत. सांगाड्यावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून बघायचा.

पण खरी गाडी कागदांत असते. इथे दर दोन वर्षांनी 'ट्यूफ' होते, म्हणजे सक्तीची तांत्रिक तपासणी, आणि प्रत्येक तपासणीच्या अहवालावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात. जुने अहवाल ओळीने लावले की आकड्यांत कुणी फेरफार केला आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. आजोबांकडे पहिल्यापासूनचे सगळे होते. शिवाय कंपनीचं सर्व्हिस-पुस्तक भरल्यावर त्यांनी एक चौकटीची वही घातली होती. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय बदललं, कुठला भाग, किती पैसे. बल्ब बदलला तरी नोंद. वीस वर्षं.

भाव करण्याची रीत इथली वेगळी. जाहिरातीत किमतीपुढे 'फाउ बे' ही अक्षरं असतील तर बोलायला जागा आहे असं समजायचं. फोनवरच "शेवटचा भाव काय?" विचारलं तर समोरचा फोन ठेवतो. तुळशीबागेतली युक्ती इथे चालत नाही. पाठ फिरवून चार पावलं गेलो तर आपल्याला कुणी परत बोलावत नाही. इथे मुद्दा मांडायचा. मी म्हटलं, टायर जुने आहेत, आणि अल्टरनेटरचा पट्टा साठ हजारांना बदलायचा आहे. आजोबांनी वहीत बघितलं, मान हलवली, आणि ३,६०० वरून ३,२५० वर आले. मग त्यांनी त्यांचा एकमेव प्रश्न विचारला, "हिवाळ्यात ही कुठे उभी राहणार?" माझं गॅरेज आहे, कोरडं आहे, तिथे वीज आहे, हे ऐकल्यावरच त्यांनी एडीएसीच्या छापील करारावर सही केली.

पुढची कामं सरळ असतात. विमा कंपनीकडून सात अक्षरांचा एक क्रमांक घ्यायचा, तो आणि गाडीचे दोन्ही दाखले घेऊन त्सुलासुंग्सश्टेलेत, म्हणजे आपल्या आरटीओत जायचं. मोटरसायकलचा कर दर २५ सीसीला १ युरो ८४ सेंट, म्हणजे माझ्या ११३० सीसीला वर्षाचे ८४ युरो. पण मी तेही पूर्ण देत नाही, कारण मी हंगामी पाटी घेतली. नंबरप्लेटच्या उजव्या कडेला वर ०३ आणि खाली १० असे आकडे असतात. अर्थ असा, की ही गाडी १ मार्च ते ३१ ऑक्टोबर रस्त्यावर येईल. बाकीचे चार महिने ती चालवता येत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. कर आणि विमा फक्त त्या आठ महिन्यांचा. आपल्याकडे चातुर्मास पावसाळ्यात असतो, माझ्या गाडीचा हिवाळ्यात.

आता निगा. पुण्यात आपण गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे टाकायचो आणि संध्याकाळी "टॅपेट वाजत होते, सेट केलेत" एवढं ऐकून पैसे द्यायचो. इथे कामाच्या तासाचा दर ऐकला की स्वतः शिकायची इच्छा आपोआप होते. घरासमोर तेल बदलायला मात्र परवानगी नाही. त्यासाठी भाड्याच्या कार्यशाळा असतात. तासावर पैसे भरायचे, गाडी उचलायचं यंत्र, हत्यारं आणि अडलं तर एक जाणता माणूस मिळतो. जुनं तेल कुठे टाकायचं हा प्रश्नही सुटलेला आहे. जिथून नवं तेल घेतलं, त्या दुकानाला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं, तसा कायदा आहे. पावती जपून ठेवायची.

बॉक्सर इंजिनाचे दोन सिलिंडर गाडीच्या दोन बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले असतात. दिसायला विचित्र, पण निगा राखायला यासारखं सोपं काही नाही. दर दहा हजार किलोमीटरला वॉल्व्हमधली फट तपासायची. इंजिन पूर्ण गार असताना, आत येणाऱ्या बाजूला ०.१५ मिलिमीटर, बाहेर जाणाऱ्या बाजूला ०.३०. टाकी काढायची नाही, काही सोडवायचं नाही. स्टूल घेऊन शेजारी बसायचं, झाकण उघडायचं आणि फीलर गेजची पट्टी सरकवून बघायची. गाईची धार काढायला बसल्यासारखं. सातवीतली माझी लेक पहिल्यांदा कुतूहलाने आली, आता पट्टी तीच धरते. किती घट्ट लागली पाहिजे हे पुस्तकात वाचून कळत नाही, बोटांना कळावं लागतं. तिच्या बोटांना ते माझ्या आधी कळलं. नट आवळताना कार्यशाळेतले काका एकच वाक्य सांगतात, "नाख फेस्ट कोम्ट आप." घट्टच्या पुढे तुटतं. ज्याने त्याने आपापल्या संसाराला लावून बघावं.

आजोबांची वही मी पुढे चालू ठेवली. त्यांचं जुन्या वळणाचं अक्षर मला लागत नाही, लेकीला लागतं. ती वाचून दाखवते आणि मी ऐकतो. पट्टा बदलला ती नोंद मी मराठीत करायला घेतली, तर ती म्हणाली, "बाबा, पुढच्याला कसं कळणार?" तेव्हापासून नोंदी जर्मनमध्ये.

त्या वहीचा अर्थ मला सप्टेंबर २०२४ मध्ये कळला. माझा आवडता रस्ता स्टुटगार्टहून ब्लॅक फॉरेस्टकडे जातो. आधी वाइल डेर श्टाट, केप्लरचं जन्मगाव. मग काल्व, हेर्मान हेसेचं. हेसेंचे आजोबा हेर्मान गुंडर्ट केरळात मिशनरी होते. त्यांनी मल्याळम भाषेचा शब्दकोश केला आणि शेवटी याच डोंगरातल्या गावात येऊन राहिले. दोनशे वर्षांपूर्वीही माणसं इकडून तिकडे जात होती आणि तिकडची भाषा घेऊन परत येत होती. पुढे नागोल्ड नदीच्या काठाने रस्ता वळत जातो, आल्टेनश्टाइग, मग फ्रॉयडनश्टाट. तिथून क्नीबिसवर चढलं की श्वार्त्सवाल्डहोखश्ट्रासे सुरू होते. थेट बाडेन-बाडेनपर्यंत साधारण साठ किलोमीटर डोंगरमाथ्यावरून. हजार मीटरच्या वर असलेल्या मुमेलझेला थांबून केक खायचा. पश्चिमेला हवा स्वच्छ असली तर ऱ्हाइनचं खोरं आणि त्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर दिसतात. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभं राहिल्यासारखं, फक्त मक्याची कणसं नाहीत.

समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलस्वार डावा हात खाली सोडून दोन बोटांनी नमस्कार करतो. ओळख ना पाळख. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये असं शिकवलेल्या मला पहिल्या महिन्यात फार अवघडल्यासारखं झालं. आता हात आपोआप सुटतो.

त्या दिवशी परतताना नागोल्डच्या खोऱ्यात अंधारून आलं होतं. हरणाची पाटी दिसली म्हणून वेग आधीच कमी केला होता. उजवीकडच्या झाडीतून एक हरीण रस्त्यावर आलं आणि मधोमध उभं राहिलं. परीक्षेत केला होता तोच ब्रेक. दोन्ही हातांनी, पायाने, नजर समोर. एबीएस थरथरलं, गाडी सरळ रेषेत खाली बसली आणि उभी राहिली. हरणाने माझ्याकडे बघितलं आणि ते गेलं. मध्ये तीन-चार मीटर उरले असतील. मी गाडी कडेला लावली आणि हात थांबेपर्यंत बसून राहिलो.

घरी आल्यावर लेकीला वही काढायला सांगितली. तिने शोधून वाचलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्रेकच्या चारही रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या बसवल्या होत्या, ट्यूफच्या कागदासकट. शेवटी एक वाक्य होतं, "जुन्या अजून चालल्या असत्या." चालल्या असत्या, तरी बदलल्या. त्यांना तेव्हा गाडी विकायची नव्हती आणि मी कोण हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. हे लोक जिना झाडण्याची पाळी लावतात, नंबरप्लेटवर महिने छापतात, प्रत्येक गोष्टीला कागद मागतात, म्हणून आपण त्यांची चेष्टा करतो. मीही करतो. पण त्या कागदाच्या पलीकडे कुणीतरी अनोळखी माणूस धरलेला असतो. त्या संध्याकाळी तो माणूस मी होतो. बायकोला मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या आजोबांना दिवाळीत फराळ नेऊन द्यायचा." आम्ही नेला. चकली आजींना आवडली, आजोबांनी आधी गाडीचे किलोमीटर विचारले.

या वर्षी मे महिन्यात गाडी ट्यूफमधून पहिल्या फटक्यात पास झाली. २०२५ ची नारिंगी पट्टी जाऊन २०२७ ची पिवळी लागली. तुमच्यापैकी कुणी ऑस्ट्रियात जायचं म्हणत असेल तर एक सांगून ठेवतो. टिरोलमधल्या रॉइटे जिल्ह्यात काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्याच्या हंगामात ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना बंदी आहे. आकडा आपल्या दाखल्यावर यू.१ या रकान्यात असतो, निघण्याआधी बघून घ्या. आपल्या जर्मनीतही काही घाट शनिवार-रविवारी मोटरसायकलींना बंद असतात, फ्रायबुर्गजवळच्या शाउइन्सलांडचा त्यातलाच. आवाजाने गावकरी कावलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गॅरेजमध्ये गाडीची पूजा केली. झेंडूला इथे 'श्टुडेंटनब्लुमे' म्हणतात, विद्यार्थ्यांचं फूल. शेजारच्या काकूंच्या वाफ्यातली मागून घेतली. आईने व्हिडिओवरून सूचना दिल्या. हळद-कुंकू आरशावर नको, दिसणार नाही. चाकाखाली लिंबू ठेव. हरणाची गोष्ट तिला माहीत आहे. शेवटी तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलंस का?" घेतलं होतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गाडी झोपली असेल. टाकी काठोकाठ भरायची म्हणजे आत ओल धरत नाही. इंजिनाचं तेल हिवाळ्याआधी बदलायचं, नंतर नाही, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल चार महिने आत बसू नये. टायरमध्ये हवा थोडी जास्त, बॅटरी चार्जरवर, वर सुती चादर. प्लास्टिक घातलंत तर घाम धरते. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची. बाजूच्या स्टँडवर बरेच दिवस कलती राहिली, तर तेल डाव्या सिलिंडरमध्ये उतरतं आणि वसंतात पहिल्यांदा चालू करताना सगळ्या गल्लीला धूर होतो. वहीत शेवटची नोंद: ७१,२६० किलोमीटर.

१ मार्चला रविवार आहे. बर्फ नसेल तर सकाळी ग्लेम्सएकला कॉफीला जाणार आहे. मागची सीट रिकामी आहे, कुणाला यायचं असेल तर कळवा. जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट आपापले आणा. हेल्मेट माझ्याकडे एक जास्तीचं आहे, पण ते लेकीच्या मापाचं आहे.